बोनेरच्या बायकांना पाठवलेली पोच

इथे लोक घाटातल्या बाईचे, बंद खोलीतल्या आवाजांचे अनुभव लिहितात ते मी नेहमी वाचते… जेवताना, करमणूक म्हणून. आणि प्रत्येकाखाली मनातल्या मनात "झोप झाली नसेल", "अ‍ॅसिडिटी असेल" असा शेरा मारते. स्वभावच तसा, काय करणार! शिक्षण रसायनशास्त्राचं आणि नोकरी पाणी तपासायची. पिण्याचं नव्हे, कॉम्प्युटरच्या चिप्स धुण्याचं. त्या पाण्यात मिठाचा नुसता वास आला तरी आमच्या लॅबमध्ये धावपळ होते. त्यामुळे "पुरावा दाखवा" हे माझं घरातलंही ठरलेलं वाक्य आहे. हे सगळं लिहायला बसले तेव्हा मंदार, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, "मेधा, नको लिहूस, लोक हसतील." हसू देत. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मीही हसलेच असते.

ही २००६ सालची गोष्ट. आम्ही तेव्हा हॉलंडमध्ये नायमेखनला राहत होतो. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, लिफ्ट नाही, जिना असा उभा की बाळाची गाडी वर आणताना रोज देव आठवायचा (न मानणाऱ्यांनाही). ईशान दहा महिन्यांचा होता. माझी बाळंतपणाची रजा कधीच संपली होती आणि पाळणाघराच्या वेटिंग लिस्टवर आमचा नंबर काही पुढे सरकत नव्हता. म्हणून सासूबाई पुण्याहून तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या होत्या. दिवसभर त्या आणि ईशान घरी. मी ऑफिसला, मंदार ट्रेनने आइंडहोवनला.

सासूबाईंना मी आई म्हणते. आमचं भांडण कधीच व्हायचं नाही. दोघींनाही भांडायचं नसायचं, म्हणून दोघी गप्प बसायचो, आणि ते भांडणाहून वाईट होतं. तेव्हाचा मुद्दा होता मीठ. तिथली नर्स म्हणाली होती, वर्षाचा होईपर्यंत बाळाच्या खाण्यात मीठ अजिबात घालू नका. मी ते आईंना एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, मग कागदावर लिहून फ्रिजला लावलं. आई एवढंच म्हणाल्या, "मंदारला सहाव्या महिन्यापासून वरणभात दिलाय मी. बघ, झाला ना इंजिनिअर?" पण ऐकलं. शब्दाच्या पक्क्या. ईशानचं वेगळं शिजवायच्या, बिनमिठाचं.

त्या वर्षी गंमत झाली. तिथे राणीच्या वाढदिवसाला गावभर रस्त्यावर बाजार भरतो, आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी अक्षय्य तृतीया आली. या बाजारात कुणीही चादर अंथरायची आणि घरातलं जुनं काय असेल ते विकायला मांडायचं. आईंच्या डोक्यात चैत्रगौरीचं हळदीकुंकू. पुण्याहून येताना त्यांनी अन्नपूर्णा आणली होतीच, पण आरास कशाची करायची? "इथे काय, ट्यूलिप सोडले तर काही नाही तुमच्याकडे," असं म्हणत त्या बाजारभर फिरत होत्या. मी मागून गाडी ढकलत होते.

एका म्हाताऱ्या डच बाईंच्या चादरीवर बुटांचा खोका होता, त्यात जुनी चित्रांची पोस्टकार्डं. शंभरेक वर्षांपूर्वीची असावीत. काळे-पांढरे फोटो, वरून हाताने रंगवलेले – समुद्र नको इतका हिरवा, आकाश गुलाबी. बहुतेक कार्डांवर पूल, बोटी, चर्च. आईंनी मात्र नेमकी चार-पाच सारखी उचलली. त्यांत पांढऱ्या शुभ्र टेकड्या होत्या आणि त्यांच्या पुढे डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका. काळ्यासावळ्या, लांब झगे, पाय अनवाणी. सगळ्या कॅमेऱ्याकडे बघत उभ्या. मागे दगडी खोपटी, इतकी ठेंगणी की माणूस आत उभा राहू शकणार नाही.

"तांदूळ आहे का गं हा? की कापूस?" आईंनी विचारलं.

मी त्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मीठ. बोनेर नावाचं बेट आहे, तिकडे कॅरिबियन समुद्रात, आमचंच होतं. मिठागरं होती. ती खोपटी गुलामांसाठी बांधलेली. गुलामी गेली, पण मीठ वाहायचं काम काही गेलं नाही. त्यांच्या आजोबांनी तिथल्या नोकरीत असताना ही कार्डं घेतली आणि कुणाला पाठवायची राहूनच गेली. सगळीच्या सगळी मागून कोरी.

आईंनी ती घेतली. घरी येईपर्यंत एकच चाललं होतं, "केवढं ओझं गं ते… आणि उन्हात."

दुसऱ्या दिवशी हळदीकुंकू. पुस्तकांच्या शेल्फावर पायऱ्या केल्या, जरीची साडी अंथरली, वर अन्नपूर्णा बसवली. सुरिनामी दुकानात कैऱ्या मिळाल्या होत्या, त्याची आंब्याची डाळ झाली, पन्हं झालं. कार्डं खालच्या पायरीवर उभी केली. छान दिसत होती, खोटं कशाला बोलू. गावातल्या चार-पाच मराठी मुली आल्या, एक कन्नड मैत्रीण आली, खालच्या मजल्यावरच्या डच शेजारीणबाई आल्या. सगळ्यांना हळदीकुंकू लावून झालं आणि आई कुंकवाची कोयरी घेऊन त्या कार्डांपुढे बसल्या. करंगळीने प्रत्येकीच्या कपाळावर इवलासा ठिपका.

"अहो आई, ख्रिश्चन असतील त्या," मी म्हटलं. "लग्न झालंय की नाही तेही माहीत नाही!"

"बायका आहेत ना? घरात आल्यात ना? मग झालं."

सगळ्या हसलो. सगळ्या वाट्या पाहुण्यांपुढे गेल्या होत्या, म्हणून आईंनी ईशानची चांदीची वाटी घेतली. त्याच्या उष्टावणाची, आईंनीच आणलेली. तिच्यात आंब्याची डाळ आणि भिजवलेले हरभरे घातले, कार्डांपुढे ठेवली आणि म्हणाल्या, "घ्या गं बायांनो. किती वेळ ओझं घेऊन उभ्या आहात."

हे वाक्य मला शब्दन् शब्द आठवतं. तेव्हा त्यात भीतीदायक असं काहीही नव्हतं. उलट मला त्यांचं कौतुकच वाटलं होतं… सांगितलं नाही ते सोडा.

संध्याकाळी गौर पेटीत गेली. कार्डं तेवढी शेल्फावर राहिली, आईंना आवडली होती म्हणून. वाटी रिकामी होती. कुणीतरी खाल्लं असेल, असा मी विचारही केला नाही, सरळ घासून टाकली.

त्यानंतर एक-दोन दिवसांनी सकाळी ऑफिसला निघताना पाहिलं, तर ती चांदीची वाटी त्या कार्डांपुढे होती आणि तिच्यात मीठ. जाडं, किंचित राखाडी, ओलसर. माझ्या मनात लगेच आलं, आई दृष्ट काढतायत ईशानची. मीठ-मोहरी ओवाळायची त्यांची सवय होतीच. ओवाळू देत बापडं, पोटात तर घालत नाहीत ना! मी काही बोलले नाही. पुढेही रोज सकाळी दिसायचं. मी गप्प.

आणि आई? त्यांना वाटत होतं मीठ मी ठेवते. सुनेचं रसायनशास्त्र! मिठाने चांदी उजळते, हे त्यांना ठाऊक होतं. त्या बिचाऱ्या रोज ते मीठ काढायच्या, वाटी खळखळून धुवायच्या आणि तिच्यातच ईशानला भरवायच्या. त्याही गप्प.

मे महिना मध्यावर आला तसा ईशान किरकिरा झाला. जेवायला बसवलं की तोंड वाकडं करायचा. आई गाणी म्हणून, खिडकीतल्या सायकली मोजून दाखवून चार घास घालायच्या. पाणी मात्र घटाघटा प्यायचा. मला वाटलं दात येतायत. ओठ सुकले, मी व्हॅसलीन लावलं. एका गुरुवारी आईंचा ऑफिसात फोन आला. त्या कधीही फोन करायच्या नाहीत, त्यांना ते दहा आकडे दाबायची भीती वाटायची. "मेधा, पोर ओकतंय आणि मान टाकतंय. तू ये."

सायकल कशी मारली मला आठवत नाही. आमच्या डॉक्टरांनी ईशानच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती कणकेसारखी तशीच राहिली. त्यांनी तिथूनच हॉस्पिटलला फोन केला.

हॉस्पिटलमध्ये रक्त घेतलं. थोड्या वेळाने मुलांच्या डॉक्टर आल्या. उंच, शांत बाई, चष्मा दोरीला अडकवलेला. म्हणाल्या, "याच्या रक्तात मीठ फार वाढलंय. फार म्हणजे फार. आम्ही ते हळूहळू खाली आणणार. घाईने आणलं तर मेंदूला सूज येते." मग विचारलं, "घरी काय खातो?"

मी रोज हाच शब्द ऐकते हो. सोडियम. रोज मोजते. आणि तो माझ्या पोराच्या रक्तात…

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांबरोबर आणखी एक बाई आल्या. साध्या कपड्यांत, हसतमुख, हातात पेन. मुलांच्या सुरक्षेचं त्या बघतात म्हणाल्या. बाळाबरोबर दिवसा कोण असतं? रात्री कोण? तुम्ही थकलेल्या असता का? रडायला येतं का? तुमचं काम नेमकं काय – लॅबमध्ये? कसली लॅब? मी उत्तरं देत होते आणि प्रत्येक उत्तरागणिक माझ्याच विरुद्ध साक्ष देतेय असं वाटत होतं. शेवटी त्यांनी स्पष्ट सांगितलं. इतकं मीठ आपोआप वाढत नाही, कुणीतरी दिल्याशिवाय पोटात जात नाही. सोमवारी सगळ्यांनी बसून बोलू, आजींनाही आणा. त्यानंतर ठरेल, ईशान घरी जाईल का दुसरीकडे.

"दुसरीकडे म्हणजे?" मंदारने विचारलं.

त्या म्हणाल्या, तात्पुरतं, एखाद्या कुटुंबात. कारण कळेपर्यंत.

तो शनिवार-रविवार कसा गेला ते लिहीत नाही. मंदार कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालायचा आणि मी सलाईनच्या थेंबाकडे बघत बसायचे. ईशानला नळीतून द्रव जात होता, तोंडाने काही नाही. आकडे अगदी हळू खाली येत होते. आणि माझ्या डोक्यात एकच – फ्रिजवरचा तो कागद. आईंनी तो मानला नसेल तर?

सोमवारी सकाळी मी ईशानचे कपडे आणायला घरी गेले. आई स्वयंपाकघरात उभ्या होत्या. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"आई, खरं सांगा. मीठ घातलंत?"

"नाही." माझ्या डोळ्यात बघून म्हणाल्या. "मंदारची शपथ. एक कण नाही."

"मग रोज वाटीत काढता ते? दृष्टीचं?"

"मी?" आई बघतच राहिल्या. "अगं, ते तर तू ठेवतेस! चांदी घासायला!"

 मग दोघींनी एकदमच शेल्फाकडे पाहिलं. वाटी तिथे नव्हती. ती ओट्यावर होती, पालथी, आईंनी सकाळी धुऊन ठेवलेली.

मी ती सुलटी केली. पुन्हा धुतली, कागदाने पुसली, नळाचं पाणी भरलं आणि घोट घेतला. थुंकलेच मी. समुद्राचं पाणी! तेच पाणी स्टीलच्या पेल्यात घेतलं, गोडं. पुन्हा वाटीत, खारट. गंजात कालचा बिनमिठाचा भात होता, चाखला, आळणी. चमचाभर वाटीत घातला, जरा थांबले, चाखला… जिभेला झोंबला. आई कधीच या वाटीतलं चाखणार नव्हत्या. उष्टं होईल म्हणून त्या गंजातलंच आधी थोडं काढून चाखायच्या, तो आळणीच लागायचा. मी वेड्यासारखी तेच तेच करत होते. पाणी, पेला, वाटी. कुठेतरी चूक सापडेल म्हणून. वाटी दोनदा सिंकमध्ये पडली.

"मेधा, पुरे," आई म्हणाल्या.

"पुरे काय पुरे! त्या वाटीत काहीतरी आहे! मी ही कार्डं आत्ता कचऱ्यात टाकते!"

मी शेल्फाकडे धावले, तर आईंनी माझं मनगट धरलं. घट्ट. त्यांच्या हातात एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं.

"घरात बोलावलेल्या बाईला असं हाकलतात?" त्या म्हणाल्या. "थांब जरा. विचार करू दे… आपण त्यांना या वाटीतून दिलं. बरोबर? शेजारणीची वाटी आपण कधी रिकामी परत करतो का? घरात जे असेल ते घालूनच देतो. त्यांच्याकडे काय असणार? डोक्यावर जे होतं तेच."

"आई, प्लीज…"

"आणि आपण काय केलं? घेतलं, ओतलं, धुतलं. पोचलं म्हणून सांगितलंच नाही. कोणी पोच दिली नाही की माणसाला वाटतं, मिळालं नसेल. मग ते परत पाठवतं. आणखी पाठवतं."

मला ओरडायचं होतं. पण माझ्या तोंडात अजून ती चव होती.

आईंनी कार्डं उतरवली, टेबलावर पालथी मांडली आणि माझ्याकडे पेन मागितलं. त्यांच्या पिढीला पोस्टकार्ड कसं लिहायचं हे शिकवावं लागत नाही. प्रत्येक कार्डावर त्यांनी तेच लिहिलं, गोल गोल अक्षरात, वर श्री घालून. "आपण पाठवलेले मीठ पोचले. फार दिलेत. आता पाठवू नये, घरात मूल लहान आहे, त्याला सोसत नाही. आपले ओझे खाली ठेवावे व सुखरूप जावे." खाली स्वतःचं नाव आणि 'आशीर्वाद' लिहावं की 'नमस्कार' यावर थबकल्या. "वयाने कोण मोठं, कळत नाही," म्हणाल्या आणि 'नमस्कार' लिहिलं.

"पत्ता?" मी विचारलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

"ते तुझ्या लिपीत लिही बाई."

मी प्रत्येकावर बोनेर एवढंच लिहिलं. घरात तिकिटं होती, लावली. विज्ञानाची पदवी घेतलेली मी, पोर हॉस्पिटलात असताना मेलेल्या बायकांच्या चित्रांवर तिकिटं चिकटवत होते.

हॉस्पिटलकडे निघताना कोपऱ्यावरच्या पेटीत आईंनी कार्डं एकेक करून सोडली. मी वाटी फडक्यात गुंडाळून पर्समध्ये घेतली होती. माझं ठरलं होतं. सगळ्यांसमोर तिच्यात पाणी ओतायचं, डॉक्टरांना म्हणायचं, प्या. बघा स्वतः. वेड्यात काढलं तरी चालेल, पण हा पुरावा होता. बसमध्ये मी पर्स पोटाशी धरून बसले होते.

मंदार वॉर्डबाहेर भेटला. त्याला मी भराभर सगळं सांगितलं. त्याने मला बाजूला ओढलं. मग म्हणाला, "मेधा, हे आत बोललीस ना, तर ईशानला नक्की नेतील."

"आधी पिऊन बघ!"

तिथल्या बेसिनवर मी वाटी भरली आणि त्याला दिली. तो प्यायला. त्याने ती माझ्या हातात दिली. मी प्यायले. साधं पाणी… पुन्हा भरली, पुन्हा साधं. गार, गोड पाणी, काही म्हणजे काही नाही. मी आईंकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून हात जोडले. त्यांना सुटल्यासारखं झालं होतं, आणि मला वाटलं आता संपलं सगळं. माझ्याकडे दाखवायला काही उरलंच नव्हतं.

तेवढ्यात आत बोलावलं.

लहानशी खोली, गोल टेबल, कागदी कपात कॉफी. डॉक्टर, त्या पेनवाल्या बाई, आम्ही तिघं. डॉक्टर म्हणाल्या, इथे आल्यापासून मीठ वाढलेलं नाही, उतरतंय. म्हणजे ते घरीच मिळत होतं. त्या बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आम्हाला कुणाला शिक्षा करायची नाही. पण कारण कळल्याशिवाय आम्ही बाळाला तुमच्याकडे देऊ शकत नाही." अगदी मऊ आवाजात म्हणाल्या.  माझ्याकडे वाटीशिवाय दुसरं कारणच नव्हतं.

"आय गिव्ह," आई म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून पाहिलं. आई ताठ बसल्या होत्या, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला.

"सॉल्ट. इन राइस. आय गिव्ह, एव्हरी डे. शी से नो." माझ्याकडे बोट दाखवलं. "शी राइट ऑन फ्रिज, नो सॉल्ट. आय नॉट लिसन. माय मिस्टेक."

"आई!" मी जवळजवळ उठलेच. "आई, काय बोलताय तुम्ही! हे खोटं–"

"तू गप्प बस." मराठीत, अगदी हळू, चेहरा न हलवता. "माझं काय, फार तर परत पाठवतील. तुझ्या मांडीवरून पोर जाता कामा नये. मंदार, सांग त्यांना नीट."

मंदारच्या गालावरून पाणी वाहत होतं. त्याने सांगितलं. त्याच्या आईचं खोटं त्याने स्वच्छ इंग्रजीत भाषांतर करून सांगितलं.

डॉक्टरांचा चेहरा सैल पडला. म्हणाल्या, असं होतं, आज्यांना वाटतं बिनमिठाचं पोराला आवडणार नाही. हेतू वाईट नसतो. पेनवाल्या बाईंनी लिहून घेतलं. ईशान घरी जाईल, पण एक अट आहे. आजींनी त्याला भरवायचं नाही. त्याच्याबरोबर एकटं राहायचं नाही. आई "येस, येस" म्हणत होत्या. टेबलाखाली त्यांनी माझा हात धरला होता.

ईशान घरी आला. मी बिनपगारी रजा काढली. आईंच्या व्हिसाचा महिना शिल्लक होता, तो त्यांनी पूर्ण केला. त्या बाई मधूनच बघायला यायच्या. पण त्या येणार नसल्या तरी आईंनी अट मोडली नाही. मी ईशानला भरवायला बसले की आई खोलीच्या दुसऱ्या टोकाला खुर्चीत बसायच्या, हात मांडीत घेऊन. तो त्यांच्याकडे झेपावायचा, "आ" करून. आई नुसत्या हसायच्या आणि म्हणायच्या, "आईकडून खा, राजा." मी कितीदा म्हटलं, आई, घ्या चमचा, कोण बघतंय! "नको गं. कबूल केलंय." एवढंच.

वाटीत पुन्हा कधी मीठ आलं नाही. तिच्यातलं पाणी मी ऑफिसात नेऊन मोजलं. नळाचं असतं तसंच होतं. पाठवलेली कार्डं परत आली नाहीत. पोचली की वाटेत कुठे गेली, मला माहीत नाही. आम्ही दोघी एकदमच भ्रमात होतो का? मग रक्ताचा रिपोर्ट कसला? खरंच दुसऱ्या कशातून मीठ गेलं असेल का? मी घरातलं प्रत्येक पाकीट, दुधाची पावडर, औषधं, नळ, सगळं तपासलं. काही सापडलं नाही.

आई परत गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी ईशानची शेवटची तपासणी होती. तो आता उभा राहत होता, डॉक्टरांचा चष्मा ओढत होता. सगळं ठीक आहे म्हणाल्या. आम्ही निघालो, दारापर्यंत गेले आणि मला राहवेना.

"त्याच्या फाइलमध्ये जे लिहिलंय ना, आजीचं," मी म्हटलं, "ते खरं नाही. तिने कधीच मीठ घातलं नव्हतं. आम्ही बाळाला गमावू नये म्हणून ती तसं बोलली. मला ते बदलून हवंय."

डॉक्टरांनी मला बसायला सांगितलं. चष्मा काढला. रागावल्या नाहीत, घाईही केली नाही. म्हणाल्या, "ठीक आहे, बदलते. पण मग मीठ कुठून आलं?"

ईशान माझ्या कडेवर होता, त्याची बोटं माझ्या तोंडात. मी उत्तर शोधत होते. खरंच शोधत होते, कारण मला आईंचं नाव तिथून काढायचं होतं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि काही न लिहिता फाइल मिटली. आईंचं नाव त्यात अजून तसंच आहे.